हब्बाच्या दिवशीची जनसुनावणी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी वागते ते पुढे कळेलच तुम्हाला.

आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे, कबूल. पण सरळ मुद्द्यावर यायची हिंमत असती तर इतकी वर्षं कशाला लागली असती?

मी पर्यावरणाचा कायदा शिकवते. त्यातही माझा खास विषय म्हणजे लोकांचा सहभाग. कारखाना, धरण, रस्ता, काहीही उभं राहण्याआधी त्याचा आसपासच्या माती-पाण्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करायचा असतो, आणि मंजुरीच्या आधी तिथल्या लोकांना विचारायचं असतं. कुठला देश कसं विचारतो हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. अमेरिकेत लोकांनी घेतलेल्या हरकतींना अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. कॅनडात लोकांना आपली बाजू मांडता यावी म्हणून सरकारच पैशाची मदत करतं. नेदरलँड्समध्ये अहवाल तपासायला वेगळा, स्वतंत्र आयोग असतो. हे सांगताना माझा आवाज छान लागतो. विद्यार्थी म्हणतात, मॅडम अगदी मनापासून शिकवतात. मनापासून — हा शब्द ऐकला की मी टेबलावरचं पाणी पिते.

आपल्याकडे जनसुनावणी सक्तीची झाली ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. मी तेव्हा बेंगळुरूतच होते, म्हणजे जन्मापासूनच. मल्लेश्वरममध्ये आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. घरात मराठी, पण पुण्याच्या माणसाने ऐकली तर आधी हसेल आणि मग अर्थ विचारेल अशी. आमचे पूर्वज इकडे कधी आले ते आम्हालाही नीट माहीत नाही. आमच्या अप्पांची थोरली बहीण पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे, कारखाने संपून शेतं लागायची तिथल्या एका गावात दिली होती. तिला अख्खं गाव शांतक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही शांतक्काच म्हणायचो. आत्या म्हटलं की तिला म्हातारं झाल्यासारखं वाटे.

शांतक्काची अबोलीची आणि शेवंतीची शेती होती. गावच्या तळ्याला लागून विहीर, विहिरीवर मोटर, आणि पहाटे भरलेल्या टोपल्या मल्लेश्वरमच्या फुलबाजारात. टोपल्या उतरवल्या की ती आमच्याकडे कॉफीला यायची आणि येताना गल्लीच्या तोंडापासून बोलत यायची. बोलण्याची भारी हौस. लग्नमुंजीत, गणपतीच्या मंडपात कुठेही माइक दिसला की तिचे हात शिवशिवायचे. पण माइक कायम कोणा पुरुषाच्या हातात. एकदा तरी त्यात बोलायचंच, असं ती अप्पांना बजावून सांगायची, जसं काही माइक अप्पांनीच लपवून ठेवला होता.

आणि तिच्या गावचा हब्ब. हब्ब म्हणजे सण, इथे गावदेवीची जत्रा. त्या मंगळवारी सकाळी डांगोरा पिटला की गावाची वेस बंद. देवीचा दिवा गावभर फिरून पुन्हा देवळात जाईपर्यंत गावातल्या कोणी वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी बायका डोक्यावर तंबिट्टाच्या आरत्या घेऊन निघायच्या. तंबिट्ट म्हणजे तांदळाचं पीठ आणि गूळ मळून केलेला मुटका, त्यातच वात लावायची. शांतक्काचं घर गावातलं एकुलतं एक मराठी घर, तरी पहिल्या रांगेत आरती धरायचा मान तिच्या सासूपासून त्यांच्याकडे होता. या मानापायी ती वर्षभर साडी निवडत असे. लहानपणी मी दर वर्षी त्या हब्बाला जायचे. वेशीच्या दगडापाशी उभं राहून आम्ही मुलं एकमेकांना पलीकडे ढकलायचा खेळ खेळायचो आणि मोठ्यांचा मार खायचो.

म्हणजे हब्ब मला माहीत होता. हे नीट लक्षात ठेवा.

मी एम.एस्सी. झाले आणि एका लहानशा सल्लागार कंपनीत लागले. कारखानदारांसाठी पर्यावरणाचे अहवाल तयार करणं हे आमचं काम. आमचे सर हुशार होते, वाईट नव्हते. एक दिवस काम आलं ते शांतक्काच्या गावचं. तळ्याच्या वरच्या अंगाला, धातूच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणारा मोठा कारखाना येणार होता. सरांना मी सांगितलं की माझी आत्या त्या गावात असते. ते खूश झाले. गावची माहिती घरबसल्या मिळणार होती ना!

शांतक्काही खूश झाली. तुम्हाला वाटेल ती कारखान्याच्या विरोधात पदर खोचून उभी राहिली असेल. छे. गावातल्या पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून तिलाही बरंच वाटत होतं. तिला फक्त एक विचारायचं होतं, की मुलामा चढवून झाल्यावर ते पाणी सोडणार कुठे? हे जनसुनावणीत, सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यासमोर विचारायचं होतं. आणि तिथे माइक असतो हे मीच तिला सांगितलं होतं.

मग काय! आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. शांतक्का लाटणं तोंडासमोर धरून उभी राहायची. आधी नाव सांग, मग गाव सांग, विहीर तळ्यापासून किती लांब ते सांग, मग प्रश्न विचार, रडू नको, शिव्या देऊ नको — हे सगळं मी शिकवलं. हे शिकवताना मला खरोखर आनंद होत होता. तो आनंद खोटा नव्हता. मी हे सांगतेय ते माझ्या बाजूने नाही. उलट, त्यामुळेच पुढचं जास्त वाईट आहे.

त्याच महिन्यात ऑफिसात कळलं की नेदरलँड्सला एका प्रशिक्षणासाठी आमच्यातल्या एकाला पाठवायचं आहे. आमच्या घरातून तोवर विमानात कोणी बसलं नव्हतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की झोपेतही मी सूटकेस भरत असे.

आता ऐका.

मी स्वतःला आजवर असं सांगत आले की सुनावणीची तारीख चुकून हब्बाच्या दिवशी पडली आणि मी गप्प बसले. गप्प बसणं तसं फार मोठं पाप नाही ना? निम्मं जग गप्प बसलेलं असतं. पण ते तसं नव्हतं. तारीख सरकारी प्रदूषण मंडळ ठरवायचं, पण सोयीची तारीख आम्ही सुचवायचो. सर कॅलेंडर घेऊन बसले होते. शेजारच्या तालुक्यात एका सुनावणीत गावकऱ्यांनी खुर्च्या फेकल्या होत्या, त्यामुळे ते धास्तावले होते. आणि मी — कोणी विचारलेलं नसताना — कॅलेंडरवर एका मंगळवारावर बोट ठेवलं. म्हटलं, हा घ्या सर, त्या दिवशी गावाची वेस बंद असते, सुनावणी शहरात जिल्हा कचेरीत, चिटपाखरूही फिरकणार नाही. गमतीत म्हटलं. हसत म्हटलं. सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसले. त्या हसण्यात कौतुक होतं, आणि ते मला इतकं गोड लागलं की काय सांगू! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात वापरून दाखवली होती. शिक्षकांनी शाबासकीही दिली होती.

वर्तमानपत्रात सूचना आली. गावात कोणीतरी वाचून दाखवली. दुसऱ्याच दिवशी गावच्या फोनबूथवरून शांतक्काचा ऑफिसात फोन. ती फोनवरही माइकवर बोलावं तशी बोलायची, कान दुखायचा.

"अगं, त्या मंगळवारी आमचा हब्ब हाय की! कोण येणार? तुझ्या सायबाला स्वल्प सांग, दुसरा दिस दे म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.

"पंच लोक अर्ज लिहायचा म्हणत होते. मी म्हटलं कशाला अर्ज, आमची पोरगीच हाय तिथं. बरोबर ना?"

"बरोबर."

"सरी मग," म्हणून तिने फोन ठेवला.

म्हणजे बघा, गावाने अर्ज केला नाही तो माझ्यावर विसंबून. एक साधा कागद मंडळाकडे गेला असता तर कदाचित तारीख बदलली असती. पण घरची मुलगी आत बसलेली असताना कागद कशाला लिहायचा? आपल्या माणसाच्या कानात सांगितलं की काम झालं, असंच आपण सगळे धरून चालतो. मी सरांना काही सांगितलं नाही. नंतर फुलं टाकायला आली तेव्हा तिने विचारलं, सांगितलंस ना? मी म्हटलं, सांगितलंय, बघतो म्हणालेत. कॉफीत साखर घालता घालता म्हटलं.

तो मंगळवार उजाडला. जिल्हा कचेरीचं सभागृह. खुर्च्या ओळीने मांडलेल्या, पुढच्या दोन ओळींत कारखान्याची माणसं, बाकी सगळ्या रिकाम्या. सुनावणी घेणारे अधिकारी वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी त्या खुर्च्यांकडे दोनदा बघितलं आणि लोक का आले नाहीत असं विचारलं. आम्ही, म्हणजे सरांनी आणि मी, खांदे उडवले. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हरकत असलेल्यांनी पुढे यावं, असं अधिकारी म्हणाले.

तेव्हा मागचं दार उघडलं आणि शांतक्का आत आली.

ती हब्बाची साडी नेसून आली होती. हिरवी, मोठ्या काठाची, नवीकोरी. पायांवर धूळ. डांगोरा झाल्यावर ती वेस ओलांडून निघाली होती. पुजाऱ्याने अडवलं तेव्हा ती म्हणाली होती, देवीला घरी बसून समजावता येतं, सरकारला जाऊनच सांगावं लागतं. हे मला नंतर अप्पांकडून कळलं. तिथे मला फक्त ती दिसत होती, आणि तिला मी. मला बघून तिचा चेहरा उजळला. आपली पोरगी समोरच बसली आहे म्हटल्यावर आता काळजी कसली!

अधिकाऱ्यांनी स्वतः उठून तिच्या हातात माइक दिला. आयुष्यात पहिल्यांदा. तिने तो दोन्ही हातांनी धरला, लाटण्यासारखा. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मी शिकवलं होतं त्याच क्रमाने. आवाज सभागृहात घुमला तशी ती स्वतःच दचकली आणि थोडी लाजली. मग ती क्रम सोडून कन्नडमध्ये भलतंच बोलली. म्हणाली, आज आमच्या गावात हब्ब आहे, वेस बंद आहे, म्हणून कोणी आलं नाही. गावातल्या सगळ्यांनाच काही ना काही विचारायचं आहे. दुसरा दिवस द्या.

अधिकारी सावरून बसले. म्हणाले, असं असेल तर पुन्हा ठेवता येईल, पण हे आधी का कळवलं नाही? शांतक्का म्हणाली, कळवलं होतं. त्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, आमच्याकडे कसलीही विनंती आलेली नाही. सरांपुरतं ते अक्षरशः खरं होतं. मग अधिकारी तिच्याकडे वळले. अगदी मायेने विचारलं त्यांनी, अम्मा, कोणाला सांगितलं होतं तुम्ही?

ती माझ्याकडे बघत होती.

मला फक्त उभं राहायचं होतं. ‘मला सांगितलं होतं’ एवढंच म्हणायचं होतं — तीन शब्द. सुनावणी पुढे गेली असती. माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. मी मान खाली घातली. समोर पाण्याचा ग्लास होता, तो उचलून मी पाणी प्यायले. किती वेळ गेला? तिला सगळं समजायला लागला असेल तेवढा. मी वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारच्या घरात भांडण ऐकू आलं की आपण खिडकी लावून घेतो ना, तसं काहीतरी तिने आत लावून घेतलं होतं.

"मर्तु होय्तु, स्वामी," ती माइकमध्ये म्हणाली. विसरले, साहेब. "म्हातारी झाले."

जिला आत्या म्हटलेलंही चालत नसे, ती.

कारखान्याची माणसं हसली. अधिकाऱ्यांनी विचारलं, अजून काही सांगायचं आहे का? तिने मान हलवली, माइक सांभाळून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. पाणी कुठे सोडणार, हे तिने विचारलंच नाही. का? मी हजार वेळा विचार केला आहे. तो प्रश्न विचारला असता तर त्याचं उत्तर सरांच्या वतीने मला द्यावं लागलं असतं. अहवालातलं ते प्रकरण मी लिहिलं होतं आणि ते किती कच्चं आहे हे मी तिला स्वयंपाकघरात हसत हसत सांगितलं होतं. तिने मला तेही करायला लावलं नाही.

नोंदीत लिहिलं गेलं की हरकत नाही.

मी नेदरलँड्सला गेले. विमानतळावर शांतक्का आली होती, अबोलीचा गजरा घेऊन. तो मी केसांत माळला. तो माळूनच विमानात बसले.

वेस ओलांडल्याबद्दल गावाने तिला तसं काही केलं नाही. फक्त पुढच्या हब्बाला तिची आरती पहिल्या रांगेतून मागे गेली, अगदी शेवटी, आणि मग कायम तिथेच राहिली. ती आमच्याकडे येऊन सांगायची, मागे बरं असतं गं, सगळ्यांच्या साड्या बघायला मिळतात. अप्पा चिडायचे. सरकारी लोकांना हब्बाचा दिवस कळू नये का, असं म्हणून माझ्याकडे बघायचे. शांतक्काच विषय बदलायची. कारखाना उभा राहिला. काही वर्षांनी विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, अबोलीची पानं पिवळी पडली, आणि मग तिने फुलं लावायचं सोडलं. बाजार नाही म्हटल्यावर आमच्याकडचं येणंही कमी झालं. दुसऱ्या कारखान्यांचंही पाणी त्या तळ्यात येत असेल, असं मी अनेकदा स्वतःशी म्हटलं आहे. असेलही. पण सुनावणीचा मंगळवार दुसऱ्या कोणी निवडलेला नव्हता.

शांतक्का आता नाही. दिवस मीच सुचवला होता हे तिला कधी कळलं नाही. फोनवरचा निरोप मी दाबून ठेवला, एवढंच तिला कळलं होतं. तेवढं कळूनही ती दर वर्षी हब्बाच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाती माझ्यासाठी तंबिट्ट पाठवत राहिली. वात काढलेल्या जागी काळा डाग असायचा. मी तो नखाने खरवडून काढायचे आणि उरलेलं खायचे. दर वर्षी खाल्लं. गोड असायचं.

अजूनही वर्गात मी देशोदेशींचे कायदे सांगते. कोणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, आपल्याकडे सुनावणीला लोक बोलत का नाहीत, मॅडम? मी अज्ञान सांगते, भीती सांगते, भाषेची अडचण सांगते. तो लिहून घेतो.

एक बाई बोलायला आली होती. तिच्या हातात माइक होता, आणि तिने तो माझं नाव न घेण्यासाठी वापरला.